जालना, सोलापूर आणि आपल्या वस्तीतलं बोअरिंग

आज आम्ही तुम्हाला एका वस्तूचा इतिहास सांगणार आहोत. ही वस्तू तुमच्यापैकी प्रत्येकीने हाताळलीय. लहानपणी तिच्या दांड्याला लोंबकळलोय म्हणून मारही खाल्लाय. घाटावरचे लोक तिला हापसा म्हणतात, सरकारी कागदावर हातपंप असतं, आणि आपण अंबाडीकडचे लोक सरळ बोअरिंग म्हणतो. "बोअरिंगवर जाऊन येते" म्हटलं की सासूला कळतं की सून आता तासभर येत नाही.

वज्रेश्वरीचं देऊळ चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यावर बांधलं, हे आपल्या शाळेतल्या पोरांना पाठ असतं. साल विचारा, १७३९ सांगतील. पण ज्या पंपाचं पाणी पिऊन ती मोठी झाली तो कुठे बनला, कुणी बनवला, का तसाच बनवला, हे विचारलं तर पोरंही गप्प आणि मास्तरही गप्प. आम्हाला हे शोधावंसं वाटलं त्याला कारण आहे. ते पुढे येईलच.

आधी विहिरीपासून सुरुवात करू. विहीर म्हणजे नुसतं पाणी नव्हतं. कुणी कुठून भरायचं, कुणी लांब उभं राहून वाट बघायची, हे त्या काठावर ठरलेलं असायचं. महात्मा फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यायलं. महाड आपल्या कोकणातलंच. पाण्याला हात लावण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, हे आपल्या आजीच्या पिढीतलं आहे, पुराणातलं नाही.

विहिरीची दुसरी गोष्ट म्हणजे नारू. आताच्या मुलींना हा शब्दच माहीत नाही, हे किती बरं. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून लोक पाणी भरायचे. कुणाच्या पायाला नारूचा फोड असला की पाय पाण्यात बुडताच त्यातून बारीक पिल्लं पाण्यात सुटायची. ती पाण्यातल्या डोळ्याला न दिसणाऱ्या किड्यांच्या पोटात जायची आणि ते पाणी जो प्यायचा त्याच्या पायातून वर्षभराने हातभर लांब दोऱ्यासारखा जंत बाहेर यायचा. काडीला गुंडाळत गुंडाळत तो काढायचा, कितीतरी दिवस. महाराष्ट्र हा नारूच्या पट्ट्यातलाच. १९९६ नंतर देशात नारूचा एकही रोगी सापडला नाही आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. त्याला औषध नव्हतं, लसही नव्हती. पाणी गाळून पिणं, पायऱ्यांच्या विहिरी बंद करणं आणि पाय बुडणारच नाही असं झाकलेलं पाणी देणं, यांनी ते झालं. त्या झाकलेल्या पाण्यात आपल्या बोअरिंगचा वाटा मोठा आहे.

आता दुष्काळाकडे येऊ. १९६६-६७ ला बिहार आणि उत्तर प्रदेशात मोठा दुष्काळ पडला, महाराष्ट्रातही पाण्याचे हाल होते. त्या वेळी युनिसेफने खडक फोडणारी यंत्रं भारतात आणली. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, बहात्तर म्हटलं की त्या आधी सुकडी आणि मिलो ज्वारी सांगतात, मग खडी फोडायची कामं. आपला महाराष्ट्र म्हणजे बहुतेक ठिकाणी काळा पाषाण. हाताने विहीर खणायची तर सुरुंग लावा, महिनेच्या महिने घालवा, आणि पाणी लागेलच याची खात्री नाही. नवीन यंत्र दाबलेल्या हवेच्या जोरावर त्याच पाषाणात एका-दोन दिवसांत खोल भोक पाडायचं. भोक तर पडलं. पण सहा इंचांच्या भोकात कळशी जात नाही. पाणी वर आणायचं कसं?

त्यासाठी जे पंप बसवले ते बिडाचे होते. बीड म्हणजे ओतीव लोखंड, आपल्या जुन्या तव्यांचं असतं तसं. हे पंप ज्या नमुन्यावरून घेतले होते ते युरोप-अमेरिकेतल्या शेतघरांचे. तिथे एका कुटुंबाचं घर, अंगणात पंप, दिवसाला काही बादल्या पाणी. तेवढ्या कामाला तो पंप उत्तम होता. त्यात त्या पंपाची काहीच चूक नाही. आपल्याकडे तो गावाच्या मध्ये बसवला. पहाटे चारला पहिली बाई यायची आणि रात्री शेवटची जायची. मध्ये दांडा थांबायचाच नाही. खिळी झिजली, भोकं मोठी झाली, दांडा डुगडुगायला लागला, आणि एक दिवस बीड तडकलं. बिडाला सहज जोड बसत नाही, साधा वेल्डर ते घेतच नाही. म्हणजे पंप गेला. १९७४ च्या सुमारास युनिसेफने पाहणी केली तेव्हा बसवलेल्या पंपांपैकी चारातले तीन बंद सापडले.

चारातले तीन! भोक पाडायला पैसा गेला, पंपाला गेला, उद्घाटनाला नारळ फुटला, आणि बाई परत हंडा घेऊन नदीवर. त्या काळच्या सरकारी भाषेत "लोक पंप नीट वापरत नाहीत" असं म्हटलं जायचं. आजही म्हणतात, फक्त पंपाच्या जागी दुसरी वस्तू असते. आमचं मत विचाराल तर वापरणारा चुकीचा नसतो. ज्याने वस्तू बनवली त्याला वापरणारीचा दिवस माहीत नसतो.

इथे स्वयंपाकघरातली एक गोष्ट मध्येच सांगावीशी वाटते. मुंबईत माधुरी माथुर नावाच्या बाईंकडे ब्राऊन कंपनीचा जर्मन मिक्सर होता. जर्मनीत मिक्सरमध्ये फळांचा रस करतात, केकचं सारण फेटतात. माधुरीबाई त्यात घालायच्या भिजवलेली डाळ, सुकं खोबरं, मसाला. मोटर जळाली, आणि इथे दुरुस्त करून मिळेना. त्यांचे यजमान सत्यप्रकाश माथुर इंजिनिअर. घरातल्या या अडचणीवरून त्यांनी डाळ-मसाला वाटू शकेल अशी दणकट मोटर आणि जाड पात्याचं भांडं बनवलं, आणि १९६३ मध्ये त्यासाठी कंपनी काढली. तोच सुमीत मिक्सर. आपल्या आईच्या रुखवतात असायचा तो. "बायकांना मशीन वापरता येत नाही" असं म्हणून ते थांबले असते तर आपण अजून पाट्यावरच असतो. आम्हाला या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की तक्रार करणारी आणि बनवणारा एकाच घरात होते. रोज भेट होती. सगळ्यांचं नशीब असं नसतं. पंपाच्या बाबतीत तर बनवणारा एका देशात, बसवणारा दिल्लीत आणि वापरणारी वस्तीत.

मग ते अंतर कुणी तोडलं? ते तोडलं आपल्याच राज्यातल्या दोन गावांनी, जालना आणि सोलापूर. दोन्हीकडे ख्रिस्ती मिशनच्या लोकांनी दुष्काळात बोअर मारायचं काम घेतलं होतं. ही माणसं भोक पाडून निघून जाणारी नव्हती. तिथेच राहत होती. पंप बिघडला की गावकरी त्यांच्याच दारात यायचे. आज दुरुस्त केलेला पंप महिन्याने परत बिघडला की त्यांनाच परत जावं लागायचं. असं दहादा झालं की माणूस विचार करायला लागतो की नेमकं तुटतंय काय.

तुटत होतं ते सांध्याजवळ. जुन्या पंपाच्या दांड्याला दोन-तीन ठिकाणी खिळ्या होत्या. जालन्याच्या कार्यशाळेत त्यांनी बीड सोडून पोलाद घेतलं आणि सांधे कमी करून दांडा एकाच ठिकाणी अडकवला. झिजायला जागाच कमी ठेवली. पोलाद तडकलं तरी कुठल्याही नाक्यावरचा वेल्डर ते जोडून देतो. पंपाचा खांबही त्यांनी बोअरच्या पाइपाबाहेरून सिमेंटच्या ओट्यात पक्का रोवला. त्याआधी पंप बोअरच्या पाइपावरच उभा असायचा. तो हलला की फट पडायची, आणि फटीतून ओट्यावरचं घाण पाणी परत बोअरमध्ये उतरायचं. आपण वर धुणं धुवायचं आणि खाली तेच प्यायचं असा तो प्रकार.

सोलापूरकरांनी साखळी आणली. पुढच्या वेळी बोअरिंगवर गेलात की झाकण उघडं असेल तर आत बघा. दांड्याच्या आतल्या टोकाला अर्धचंद्रासारखा तुकडा असतो आणि त्यावरून मोटारसायकलला असते तशी साखळी खाली सळईला बांधलेली असते. ही साखळी का? दांडा वर-खाली होताना त्याचं टोक गोलाकार फिरतं, पण खालची सळई सरळ उभीच गेली पाहिजे. सळई तिरकी ओढली गेली तर ती कुठेतरी घासणार, वाकणार, तुटणार. साखळी त्या अर्धचंद्रावर गुंडाळली जाते आणि सळई नेहमी सरळ वर उचलली जाते. शिवाय दांड्याच्या सांध्याला बंद बेअरिंग, म्हणजे रोज तेल घालायला नको. मोटारसायकलची साखळी आणि बेअरिंग तालुक्याच्या दुकानात मिळतात, त्यासाठी विलायतेला पत्र पाठवावं लागत नाही. आम्हाला यातली हुशारी फार आवडते.

पुढचं काम मोठ्या संस्थांनी केलं. भारत सरकार, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी सोलापूरचा पंप पायाला धरून नवा नमुना ठरवला. मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास या सरकारी कारखान्यात तो बनवला आणि कोइमतूरजवळच्या गावांत खऱ्या बोअरवर, खऱ्या गर्दीत तपासला. अटी साध्या होत्या. पंप स्वस्त हवा, आपल्या देशातल्या लहान कारखान्यांत बनला पाहिजे, दिवसाला बारा-बारा तास चालला पाहिजे, वर्षभर बिघडता कामा नये, आणि लहान मुलीलाही दांडा मारता आला पाहिजे. याचं नाव इंडिया मार्क टू. १९७७-७८ पासून तो तयार होऊ लागला. १९७९ मध्ये त्याचं भारतीय मानक ठरलं, आयएस ९३०१. नमुना कुणा एकाच्या मालकीचा ठेवला नाही. ज्याला बनवायचाय त्याने बनवावा, फक्त मापं ठरल्याप्रमाणे हवीत आणि तपासणी व्हावी. त्यामुळे राजस्थानातल्या पंपाचं बेअरिंग आपल्या पंपालाही बसतं. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जगभरात असे सुमारे पन्नास लाख पंप तयार झाले होते, आफ्रिकेतही गेले. सोलापूरच्या चादरीचं नाव सगळ्यांना माहीत असतं, सोलापूरच्या साखळीचं नाही.

पण मैत्रिणींनो, इथेच गोष्ट संपवली तर ती अर्धीच राहील. मार्क टू बिघडत कमी होता, पण बिघडला की काय? त्याचा खरा जीव खाली असतो, शंभर-दीडशे फुटांवर पाण्यात बुडालेल्या सिलिंडरमध्ये. त्यात चामड्याचे वॉशर असायचे. ते झिजले की पाणी वर येत नाही. वॉशर असतो तळहाताएवढा, पण तो बदलायला सगळे लोखंडी पाइप एकेक करून वर काढायचे. त्याला तिकाटणं हवं, साखळी-कप्पी हवी, चार-पाच गडी हवेत, आणि ते सगळं घेऊन येणारी गाडी हवी. गाडी तालुक्याला. म्हणजे ग्रामपंचायतीने अर्ज द्यायचा आणि बाईने वाट बघायची. एका वॉशरसाठी महिना महिना बोअरिंग बंद राहिल्याचं आम्ही स्वतः पाहिलंय.

यावर परत गावात जाऊनच उपाय शोधला गेला. १९८३ नंतर कोइमतूरच्याच भागात काही वर्षं वेगवेगळे बदल करून पाहिले. कुठला भाग किती दिवसांनी गेला, बदलायला किती वेळ लागला, किती माणसं लागली, याच्या नोंदी ठेवल्या. त्यातून मार्क थ्री निघाला. वरून दिसायला तोच पंप. बदल एवढाच की खालचा पाइप रुंद केला, अडीच इंची, म्हणजे पाइप जागेवर राहतो आणि नुसती सळई ओढली की वॉशर-बिशर सगळं त्याच पाइपातून वर येतं. चामड्याऐवजी रबराचे वॉशर घातले, ते जास्त टिकतात. आता पाच गड्यांचं काम दोन-तीन जणी करू शकतात. १९९१ मध्ये त्याचंही मानक आलं. हा रुंद पाइप महाग आणि जड, त्यामुळे सगळीकडे तो बसला नाही, आपल्याकडे अजून जास्त करून मार्क टूच आहेत.

"दोन-तीन जणी" हे आम्ही उगाच म्हटलं नाही. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात महिला समाख्या नावाच्या कार्यक्रमात दलित आणि कोल आदिवासी बायका पंपमिस्त्री झाल्या. त्यातल्या कितीतरी जणी अंगठाबहाद्दर. पाने-हातोडे घेऊन गावोगाव जायच्या. ज्या गावात त्यांना विहिरीला शिवू दिलं नसतं, त्याच गावात पंप उघडायला बोलावणं यायचं. काम करता करता त्यांच्या लक्षात आलं की सामानाची नोंद ठेवायला लिहिता-वाचता यायला हवं. मग त्यांनीच शिकवा म्हणून हट्ट धरला. तिथून बायकांचं 'महिला डाकिया' नावाचं पत्रक सुरू झालं, आणि त्याच वाटेवर २००२ मध्ये चित्रकूटला 'खबर लहरिया' हे बायकांनी चालवलेलं वर्तमानपत्र. पान्यापासून वर्तमानपत्रापर्यंत! आपल्याकडे गटातल्या बाईला मेणबत्त्या आणि पापडांच्या पुढे काही शिकवायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

याच्या उलटही एक गोष्ट सांगतो. दक्षिण आफ्रिकेत कुणीतरी असा पंप काढला की मुलांनी गोल फिरणाऱ्या पाळण्यावर खेळायचं आणि त्या फिरण्यावर पाणी टाकीत चढायचं. ऐकायला किती छान! २००६ मध्ये अमेरिकेत त्यासाठी कोट्यवधी डॉलर जाहीर झाले, मोठमोठ्या लोकांनी फोटो काढले. काही गावांत तर चालू हातपंप काढून हे पाळणे बसवले. पण मुलं काही दिवसभर खेळत नाहीत, ती शाळेत जातात, उन्हात घरात बसतात, कंटाळतात. मग पाळणा फिरवायचा कुणी? आयांनी आणि आज्यांनी. चारचौघांत वाकून लहान पोरांचा पाळणा ढकलायची त्या बायकांना लाज वाटायची, कंबर मोडायची ती वेगळीच. बिघडला तर गावात दुरुस्त होत नव्हता. २०१० पर्यंत तो कार्यक्रम गुंडाळला गेला. पाणी भरायला कोण येतं, हा एकच प्रश्न आधी विचारला असता तरी पुष्कळ होतं.

आता आमच्या शोधाचं कारण सांगतो. आपल्या जिल्ह्यात पाण्याची काय तऱ्हा आहे हे तुम्हाला सांगायला नको. तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी पाजतंय, वैतरणा आहे, भातसा आहे. मुंबईचे नळ आपल्याच डोंगरांनी भरतात आणि एप्रिल उजाडला की आपल्याच पाड्यांवर टँकर. पावसाळ्यात एवढं पाणी की रस्ता दिसत नाही, पण काळा पाषाण ते धरून ठेवत नाही. २०१९ पासून जलजीवन मिशनमध्ये घरोघरी नळ द्यायचं काम सुरू झालं. नळ यावा असं आम्हालाही मनापासून वाटतं. हंडा डोक्यावरून उतरावा यासाठीच तर सगळी धडपड. पण नळ आला म्हणजे बोअरिंगची गरज संपली, असं धरून काही ठिकाणी बोअरिंगची दुरुस्तीच थांबते, हे आम्ही गटांच्या बैठकांत वारंवार ऐकतो. आणि वीज गेली, मोटर जळाली, टाकी फुटली की त्याच दिवशी सगळ्या जणी परत त्या गंजलेल्या दांड्यापाशी उभ्या.

म्हणून गेल्या उन्हाळ्यात आम्ही गटांत एक साधं काम सुरू केलं. नवीन काही मागण्याआधी जे आहे ते वापरणाऱ्यांनी बघायचं आणि सांगायचं. बायकांनी सांगितलं ते कुठल्याही आराखड्यात नव्हतं. एका वस्तीत ओटा इतका उंच केलेला की गरोदर बाईला भरलेला हंडा घेऊन उतरता येत नाही, म्हणून ती कमी पाण्याची लांबची जागा पसंत करते. दुसरीकडे पाणी जाण्याची नाळी बरोबर उभं राहण्याच्या जागेवर, शेवाळावर दोघी घसरून पडल्यात. एका आजींनी सांगितलं की दांडा त्यांच्या सुनेच्या उंचीचा आहे, त्यांच्या नाही, आणि सकाळी सून भिवंडीला गोदामात कामाला जाते, पाणी भरायला आजीच असतात. कातकरी वाडीतल्या बायका म्हणाल्या, बोअरिंग चालू आहे हो, पण ते रस्त्याच्या पलीकडे बसवलंय, आणि वाड्याच्या रस्त्यावर ट्रक कसे येतात ते तुम्हाला माहीत आहे. कागदावर ही चारही बोअरिंग "सुरू" आहेत.

यातल्या कशालाच जालना-सोलापूरएवढी मोठी अक्कल लागत नाही. ओट्याला एक पायरी, नाळीला वळण, दांड्याला थोडी लांबी, आणि चौथ्या वाडीसाठी जागा बदलणं. पहिल्या तिन्हीचा खर्च एखाद्या स्वागत-कमानीहून कमी आहे. ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या बायका असायला हव्यात असा नियम आहे. गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायच्या पेटीचं प्रशिक्षण देण्याचीही तरतूद आहे. तुमच्या गावात त्या पाच जणी कोण, हे आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी त्यांचं नाव यादीत असतं आणि पेटी कपाटात असते.

ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते, तिथे हे सगळं मांडता येतं. आमच्या गटांनी यासाठी एक वहीचं पान आखलंय. बोअरिंग कुठल्या वस्तीत, शेवटचं कधी बिघडलं, किती दिवस बंद होतं, पाणी यायला किती दांडे मारावे लागतात, आणि रोज पाणी भरायला घरातली कोण येते. लिहिता न येणाऱ्या बाईने दांडे मोजून सांगायचे, लिहिणारीने लिहायचं. दांडे वाढत गेले की खालचा वॉशर झिजतोय किंवा पाणी खाली जातंय, हे गाडी यायच्या आधीच कळतं. सध्या अकरा बोअरिंगची पानं भरून झालीयत. १ मेच्या ग्रामसभेला ती वही घेऊन आम्ही जाणार आहोत. ज्यांना आपल्या पाड्याचं पान भरायचंय त्यांनी सोमवारी अंबाडी नाक्यावर गटाच्या बैठकीला यावं, आखलेली पानं आमच्याकडे आहेत.